वायकातोच्या काठाने: निधी, नदी आणि तिची माणसे

न्यूझीलंडची सर्वांत लांब नदी वायकातो रुआपेहू पर्वताच्या उतारांवर उगम पावते, तौपो सरोवरात शिरून पुन्हा बाहेर पडते आणि सुमारे ४२५ किलोमीटरांनंतर टास्मान समुद्राला मिळते. २०१० मध्ये तेथील संसदेने या नदीसाठी कायदे केले. तिच्या काठच्या माओरी इवींना, म्हणजे कुळांच्या मोठ्या समूहांना, नदीच्या कारभारात सरकारच्या बरोबरीचे स्थान मिळाले आणि नदीच्या पुनरुज्जीवनासाठी ३० वर्षांत २१ कोटी न्यूझीलंड डॉलर देण्याचे ठरले. भारतात आपण बहुधा वांगानुई या दुसऱ्या नदीबद्दल ऐकलेले असते. मार्च २०१७ मध्ये तिला कायदेशीर व्यक्तीचा दर्जा मिळाला, त्याच महिन्यात उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा आणि यमुना यांनाही तसा दर्जा दिला आणि जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. आपल्याकडची चर्चा त्या दर्जाभोवतीच फिरत राहिली. वांगानुईच्या कायद्याने नदीच्या वतीने बोलणारे दोन पालक नेमले आणि ३ कोटी डॉलरचा निधीही उभा केला, याकडे फारसे कोणी पाहिले नाही. नदीला हक्क मिळाले तरी तिच्यासाठी काम करणाऱ्या हातांना पैसा कोठून मिळणार आणि तो कशावर खर्च करायचा हे कोण ठरवणार, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटत होता. वायकातोवर हा प्रयोग सर्वांत जास्त काळ चालू आहे, म्हणून मार्च २०२५ मध्ये मी तिच्या काठाने, प्रवाहाच्या दिशेनेच, प्रवास केला.

सोमवार, तौपो

सरोवरातून नदी बाहेर पडते तेथे पाणी इतके नितळ आहे की तळाचे दगड वेगवेगळे मोजता येतात. शास्त्रीय मोजणीत या ठिकाणी दहा मीटरांहून अधिक खोलवर दिसते. समुद्राजवळ हाच आकडा एका मीटरच्या आत येतो. नदीचे दुखणे समजून घ्यायला मला हे दोन आकडे पुरेसे वाटले. थोडे पुढे हुका धबधब्यापाशी सुमारे शंभर मीटर रुंदीचा प्रवाह पंधरा मीटरांच्या खडकाळ घळीत दाबला जातो. पर्यटकांची सारी गर्दी तेथेच असते.

मी मात्र बराच वेळ सरोवराच्या काठावर घालवला, कारण नदीसाठी पैसा कसा वापरावा याचा एक महत्त्वाचा धडा येथेच घेतला गेला. भोवतालच्या कुरणांतून झिरपणाऱ्या नायट्रोजनमुळे सरोवराची नितळता कमी होऊ लागली, तेव्हा २००७ मध्ये ८ कोटी १५ लाख डॉलरचा सार्वजनिक निधी आणि तो सांभाळणारा न्यास उभा राहिला. प्रत्येक शेताला नायट्रोजनची मर्यादा ठरवून देण्यात आली आणि न्यासाने शेतकऱ्यांकडून त्या मर्यादेचा काही भाग कायमचा विकत घेतला. माणसाच्या कृतीतून येणारा नायट्रोजन एक पंचमांशाने कमी करायचे उद्दिष्ट अशा रीतीने गाठले गेले. भूजलातून सरोवरापर्यंत पोहोचायला नायट्रोजनला काही दशके लागतात, त्यामुळे जुन्या पिढीने टाकलेल्या खताचा हिशेब सरोवर अजून चुकता करत आहे.

या यशाला एक बोचरी बाजू आहे. सरोवराचा तळ न्गाती तुफारेतोआ या इवीच्या मालकीचा असून १९९२ च्या कराराने ती मालकी मान्य झाली आहे. भोवतालची पुष्कळ जमीनही त्यांच्याच न्यासांकडे आहे. तिच्यातला मोठा भाग त्यांनी जंगल म्हणून राखला होता. मर्यादा मात्र पूर्वीच्या वापरावरून ठरल्या, म्हणून ज्यांनी जमिनीतून जास्त काढले त्यांना जास्त हक्क मिळाले आणि ज्यांनी राखले त्यांच्या वाट्याला कमी आले. नदीसाठी पैसा उभा करताना आधी कोणी काय राखले होते, हे विचारले गेले पाहिजे, असे मला येथे तीव्रतेने वाटले.

मंगळवार, कारापिरो

तौपोपासून कारापिरोपर्यंत नदी आठ धरणांनी अडवलेली आहे. आरापुनीचे वीजकेंद्र १९२९ चे, कारापिरोचे १९४७ चे. रस्त्याने जाताना एकामागून एक लांबट जलाशय दिसतात आणि नदी अशी कोठे दिसतच नाही. या पाण्यात वांगानुईच्या उगमाकडचे पाणीही आहे, कारण तोंगारिरो वीज प्रकल्पाने ते बोगदे आणि कालवे काढून इकडे वळवले. दोन नद्यांचे पाणी असे मिसळणे वांगानुईच्या लोकांना अजूनही मान्य नाही. त्यांच्या दृष्टीने प्रत्येक पाण्याला स्वतःचा जीव आणि स्वतःचे पूर्वज असतात.

कारापिरोच्या भिंतीखाली मला तुनाची पिल्ले पाहायची होती. तुना म्हणजे येथील वाम मासा. लांब पराची तुना नदीत अनेक दशके वाढते, मग एकदाच, पावसाळी अंधाऱ्या रात्री, पुराबरोबर समुद्राकडे निघते, प्रशांत महासागरात दूरवर जाऊन अंडी घालते आणि तेथेच मरते. तिची काडीएवढी पिल्ले प्रवाहांबरोबर परत येतात आणि उन्हाळ्यात नदी चढत या भिंतीपाशी येऊन थांबतात. तेथे ती सापळ्यात धरली जातात आणि टाक्यांतून नेऊन वरच्या जलाशयांत सोडली जातात. दक्षिण गोलार्धातला उन्हाळ्याचा हा हंगाम मार्चमध्ये संपत आला होता, तरी ओल्या काँक्रीटला चिकटून वर सरकणारी काही पिल्ले दिसली.

ते काम पाहायला आलेल्या राउकावा इवीच्या एका वृद्ध गृहस्थांना मी 'मातुआ' म्हणून नमस्कार केला. वडीलधाऱ्या पुरुषाला येथे असेच हाक मारतात. पिल्ले वर नेणे हा अर्धाच उपाय आहे, असे ते म्हणाले. वर वाढलेली तुना परत निघते तेव्हा तिच्या वाटेत वीज तयार करणाऱ्या टर्बाइनची पाती असतात. ती नेमकी कोणत्या रात्री निघेल हे त्यांचे आजोबा चंद्राच्या तिथीवरून, वाऱ्यावरून आणि शरदातल्या पहिल्या पावसावरून सांगत. मारामाताका या चांद्र पंचांगात प्रत्येक रात्रीला नाव आहे आणि तुना धरण्याच्या व न धरण्याच्या रात्री ठरलेल्या आहेत. ही माहिती आता धरणावरच्या नोंदींशी ताडून पाहिली पाहिजे, म्हणजे त्या मोजक्या रात्री माशांना सुखरूप खाली उतरवता येईल, असे त्यांचे म्हणणे होते. मला त्यांच्या बोलण्यात एक नीट मांडलेला संशोधन प्रस्ताव ऐकू आला. चौकटी कागदावर मांडायच्या तेवढ्या राहिल्या होत्या.

बुधवार, हॅमिल्टन आणि वायपाचे खोरे

हॅमिल्टन शहर नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेले आहे आणि नदीला मिळणाऱ्या ओढ्यांनी कोरलेल्या खोल घळी शहरभर आहेत. एके काळी तेथे कचरा टाकला जाई. आता स्वयंसेवक तेथे स्थानिक झाडे लावतात. शहरात मूळ वनस्पतींचे आच्छादन जेमतेम २ टक्के उरले आहे आणि २०५० पर्यंत ते १० टक्क्यांवर न्यायचे नगरपालिकेने ठरवले आहे. मांगाकोतुकुतुकु ओढ्याची घळ पाहून मी लगेच दक्षिणेला वळले.

वायपा ही वायकातोची सर्वांत मोठी उपनदी आहे आणि गाळाचा मोठा वाटा तीच आणते. तिच्या खोऱ्यातला एक दुग्धव्यावसायिक शेतकरी मला आपल्या शेतातून फिरवायला तयार झाला. त्याच्या ओढ्याच्या दोन्ही बाजूंना कुंपण होते. गायींना आता ओढ्यात उतरता येत नाही आणि त्यांच्या पाण्यासाठी वेगळ्या टाक्या आहेत. कुंपणाच्या आत पाण्यालगत दलदलीत वाढणारे लव्हाळे, मग हाराकेके हे वाखाचे झुडूप, मग मानुका आणि 'ती कोउका' ही झाडे, आणि सर्वांत मागे काहिकातेआची रोपे होती. काहिकातेआ हा न्यूझीलंडचा सर्वांत उंच वाढणारा देशी वृक्ष. त्याच्या लाकडाला वास नसतो म्हणून एके काळी लोण्याच्या खोक्यांसाठी येथील पाणथळ जंगले तोडली गेली, आणि ज्या गायींचे लोणी त्या खोक्यांत गेले त्यांच्यासाठीच ती जमीन कोरडी करण्यात आली.

खर्चाचा एक भाग नदीच्या निधीतून आला होता, एक प्रादेशिक परिषदेकडून, म्हणजे तेथील स्थानिक शासनाकडून, आणि बाकीचा शेतकऱ्याने स्वतः घातला होता. स्वतःचा पैसा घातल्यामुळे कुंपण मोडले की दुसऱ्याच दिवशी ते दुरुस्त होते, असे तो म्हणाला. रोपे जवळच्या माराएच्या, म्हणजे माओरी समाजाच्या सभास्थानाच्या, रोपवाटिकेतून आणली होती आणि कोणते झाड कोठे लावायचे हे तेथील स्त्रियांनी येऊन सांगितले होते. पूर्वी या बांधावर कोणी माओरी कुटुंब आले की त्याच्या वडिलांना ते अतिक्रमण वाटे. आता त्या स्त्रिया वर्षातून दोनदा हाराकेकेची पाने कापायला येतात, आणि पाने वेळेवर कापली गेली की झुडूप निकोप राहते.

गुरुवार, न्गारुआवाहिया

वायपा आणि वायकातो येथे एकमेकींना मिळतात. संगमावरच्या उद्यानातून पाहिले तर एका बाजूचे तपकिरी पाणी आणि दुसऱ्या बाजूचे हिरवट पाणी काही अंतर शेजारी शेजारी वाहताना दिसते. नदीच्या काठी तुरांगावाएवाए हे माओरी राजघराण्याचे माराए आहे; 'ते पुएआ' या राजकन्येने ते १९२१ पासून उभे केले. सप्टेंबर २०२४ मध्ये राजे तुहेइतिया यांचे पार्थिव याच नदीतून वाका या लांब होडीने तौपिरी पर्वताकडे नेण्यात आले आणि त्याच दिवशी त्यांच्या कन्या न्गा वाइ होनो इ ते पो गादीवर बसल्या.

या निधीचे मूळ समजायचे तर १८६३ पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी १२ जुलैला ब्रिटिश सैन्याने मांगाताफिरी ओढा ओलांडला, तोफा बसवलेल्या बोटी याच नदीतून वर आणल्या आणि युद्धानंतर वायकातोच्या लोकांची सुमारे १२ लाख एकर जमीन जप्त झाली. १९८७ मध्ये रॉबर्ट माहुता यांनी वायकातो-ताइनुई या इवीच्या वतीने दावा दाखल केला. १९९५ मध्ये जमिनीबाबत १७ कोटी डॉलरची तडजोड झाली, सरकारने क्षमा मागितली आणि त्या कायद्यावर राणी एलिझाबेथ यांनी स्वतः सही केली. नदीचा प्रश्न मात्र मुद्दाम बाजूला ठेवला गेला, कारण नदी ही त्यांची तुपुना, म्हणजे पूर्वज आहे, आणि जमिनीच्या मोबदल्यात तिचा हिशेब करणे त्यांना मान्य नव्हते. त्यानंतर आणखी पंधरा वर्षे वाटाघाटी चालल्या, तेव्हा २०१० चे कायदे झाले. म्हणून हा २१ कोटींचा निधी सरकारने कृपा म्हणून दिलेले अनुदान नाही. एका अन्यायाच्या परिमार्जनाचा तो भाग आहे, आणि त्याच्या वापरात फरक पडतो तो याच कारणाने.

वायकातो नदी प्राधिकरणावर दहा सदस्य आहेत. पाच जणांना नदीकाठच्या पाच इवी नेमतात, पाच जणांना सरकार नेमते, आणि दोन्ही बाजूंचा एकेक असे दोन सहअध्यक्ष असतात. दर वर्षी अर्ज मागवले जातात. शेतकरी, माराए, शाळा, संशोधन संस्था, परिषदा असे कोणीही अर्ज करू शकते. प्रत्येक अर्जाला एकाच कसोटीला उतरावे लागते, ती म्हणजे 'ते तुरे फाइमाना' या नावाचा दृष्टिलेख. नदीत तिच्या संपूर्ण लांबीभर सुरक्षितपणे पोहता आले पाहिजे आणि तिच्यातले अन्न निर्धोकपणे खाता आले पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. हा दृष्टिलेख प्रादेशिक धोरणाचाच भाग मानला जातो, आणि राष्ट्रीय धोरणाशी त्याचा मेळ बसत नसेल तर या नदीपुरता तोच वरचढ ठरतो.

पोहणे आणि अन्न या दोनच गोष्टी धरल्या की सारी मोजमापेच बदलतात. केवळ प्राणवायू आणि जिवाणूंचे आकडे पाहून भागत नाही. काकाही हे गोड्या पाण्यातले शिंपले तळाशी आहेत का, तुना धरण्याच्या जुन्या जागा नांदत्या आहेत का, लोकांना काठापर्यंत जाता येते का, मुलांना त्या जागांची नावे ठाऊक आहेत का, हेही नदीच्या प्रकृतीत मोजावे लागते. २०१६ मध्ये प्राधिकरणाने वायकातो आणि वायपा यांचे प्रगतिपुस्तक काढले, तेव्हा या साऱ्या बाजू पाहून 'सी प्लस' अशी श्रेणी दिली गेली. ती लपवली गेली नाही, याचे मला कौतुक वाटले.

दुपारी मी जवळच्या एका लहान माराएच्या रोपवाटिकेत गेले. आत घेण्याआधी प्रथेप्रमाणे मला माझा डोंगर आणि माझी नदी विचारण्यात आली. मी वाईची, पांडवगड आणि कृष्णा ही नावे सांगितली. ज्येष्ठ बाईंनी, ज्यांना सगळे 'फाएआ' म्हणत होते, कृष्णेत मी पोहते का आणि तिच्यातले मासे आम्ही खातो का, हे लगेच विचारले. परक्या नदीलाही त्यांनी तीच कसोटी लावली होती.

मार्च हा लागवडीचा महिना नव्हे. ती हिवाळ्यात होते. सध्या बिया गोळा करणे आणि मागच्या लागवडीतले तण काढणे चालू होते. बिया त्याच खोऱ्यातल्या झाडांच्या असाव्या लागतात, आणि कोणत्या काठावरचे झाड जुने आहे हे वृद्धांना विचारावे लागते. मीही तण काढायला बसले. काम करता करता मी विचारले, "फाएआ, अर्ज कोण लिहिते?"

"माझी भाची लिहिते. ती विद्यापीठात शिकली आहे," त्या म्हणाल्या. "पूर्वी आम्हाला ठाऊक असायचे, पण लिहिता येत नसे. ज्यांना लिहिता येई त्यांना पैसे मिळत."

स्पर्धेने वाटल्या जाणाऱ्या प्रत्येक निधीचे हे दुखणे आहे. अर्जात कुंपणाचे मीटर, रोपांची संख्या आणि हेक्टर विचारले जातात. एखाद्या वळणावर तानिफाचे, म्हणजे जलरक्षक शक्तीचे, ठाणे आहे म्हणून तेथे खोदू नये, हे ज्ञान त्या चौकटीत सहज बसत नाही. बहुधा असे वळण पुरात काठ ढासळण्याचे ठिकाण असते, हे अभियंत्याला मागाहून कळते. प्राधिकरणात निम्मी माणसे इवींची असल्यामुळे असा मुद्दा तेथे निदान समजून घेतला जातो. मला वाटते, सहकारभाराचे खरे मोल येथे आहे. लोकांचा सहभाग केवळ झाडे लावण्यापुरता मागितला तर तो स्वस्त मजुरीचा पुरवठा ठरतो. पैसा कशासाठी द्यायचा हे ठरवण्याच्या टप्प्यावरच ते लोक हवेत.

शुक्रवार, वायकारे आणि फांगामारिनो

हा दिवस जड गेला. वायकारे हे उथळ सरोवर १९६० च्या दशकात पूरनियंत्रणासाठी सुमारे एक मीटरने खाली उतरवले गेले आणि कालव्याने फांगामारिनो या पाणथळ प्रदेशाला जोडले गेले. त्यामुळे सरोवराचा गाळ आणि पोषक द्रव्ये थेट त्या पाणथळीत जातात, जी आंतरराष्ट्रीय महत्त्वाची म्हणून १९८९ पासून रामसर यादीत आहे. पाणी पिवळट आणि अपारदर्शक होते. बाहेरून आलेले कोई कार्प तळ उकरून ते सतत ढवळत असतात. हे मासे पकडून त्यांचे खत करण्याचा प्रयोगही येथे झाला आहे. फांगामारिनोत मातुकु या दुर्मिळ बगळ्याचे मोठे आश्रयस्थान आहे. ऑक्टोबर २०२४ च्या आगीत तेथील एक हजार हेक्टरांहून अधिक भाग जळाला. पीट, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची माती, आतून धुमसत राहते, त्यामुळे आग विझवायला फार वेळ लागला. काळ्या खोडांमधून हिरवे कोंब वर येत होते, पण त्यांत बाहेरून आलेल्या विलोची झाडेही होती.

नदीच्या निधीतून होणारी कामे येथे फार लहान वाटतात. शेताशेतांवरची कुंपणे गरजेचीच आहेत, पण सरोवराची पातळी, दरवाजे आणि कालवे यांचे निर्णय पूरव्यवस्थापनाच्या तिजोरीतून होतात, आणि पातळी वाढवली तर भोवतालच्या शेतजमिनीत पाणी शिरते. हा पेच झाडे लावून सुटणारा नाही, आणि वर्षावर्षाच्या अर्जांनी तर नाहीच.

शनिवार, पोर्ट वायकातो

मुखाजवळ नदी अनेक फाट्यांत विभागते आणि मध्ये सखल बेटे आहेत. उधाणाच्या भरतीचा दिवस होता. या ऋतूत इनांगा हे बोटभर लांबीचे मासे भरतीबरोबर खाऱ्या पाण्याची सीमा जेथे संपते तेथवर येतात आणि बुडालेल्या गवताच्या मुळाशी अंडी घालतात. ओहोटीनंतर ती अंडी दमट गवतात उघड्यावर राहतात आणि पुढच्या मोठ्या भरतीला फुटतात. तेवढ्या दिवसांत गुरांनी गवत खाल्ले किंवा तुडवले तर सारे संपते. म्हणून येथे काही मीटर रुंदीची पट्टी कुंपणाने राखणे हे खर्चाच्या मानाने सर्वांत फळ देणारे काम आहे. आपल्या आजीने कोणत्या वळणांवर मासे अंडी घालतात ते दाखवले होते, असे तेथे काम करणाऱ्या वायकातो-ताइनुईच्या तरुणीने सांगितले; पाण्याची क्षारता मोजून सीमा काढली तेव्हा ती त्याच वळणांपाशी आली. तिने गवत हळूच बाजूला करून मोहरीहून लहान, पारदर्शक अंडी दाखवली आणि गवत पुन्हा जागेवर बसवले.

तिचा पगार तीन वर्षांच्या अनुदानातून येतो. त्यानंतर पुन्हा अर्ज. २१ कोटींचा हा निधी २०४० च्या सुमारास संपणार आहे आणि काहिकातेआला मोठा वृक्ष व्हायला त्याहून कितीतरी अधिक काळ लागतो, हे तिला पक्के ठाऊक आहे. न्गारुआवाहियाजवळच्या त्या रोपवाटिकेने आता रस्तेबांधणी आणि नगरपालिका यांच्याकडून रोपांची कंत्राटे घ्यायला सुरुवात केली आहे, म्हणजे निधी थांबला तरी पगार थांबणार नाहीत. तिलाही आपल्या लोकांसाठी तसेच काही उभे करायचे आहे: पाण्याची आणि माशांच्या जागांची तपासणी करून देणारे पथक, ज्याला धरणे, परिषदा आणि पाणी उचलणारी शहरे शुल्क देतील. ऑकलंड शहर २००२ पासून तुआकाउजवळून या नदीचे पाणी नेते. ते पाणी कसे आहे हे नदीच्या माणसांनी मोजावे आणि त्या कामाचे पैसे पाणी वापरणाऱ्यांनी द्यावेत, असे तिचे साधे म्हणणे होते. पुढच्या फेरीसाठी ती याच पथकाच्या प्रशिक्षणाचा अर्ज लिहीत होती.